चिपीहून नियमित प्रवासी विमान टिकू शकेल का?

रातांबा – ९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९.१०

गेल्या महिन्यात मुंबईहून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चिपी विमानतळावर येणारी विमानसेवा थांबली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी पहिले विमान उतरले, तेव्हा मी परुळ्याच्या सड्यावर कुंपणाबाहेरच्या गर्दीत उभा होतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी विमान टेकताच हात जोडले होते, आणि त्यात मला काहीही वावगे वाटले नाही. ज्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरातले कोणीतरी मुंबईला आहे, त्या जिल्ह्यात मुंबईचे विमान उतरणे ही साधी घटना नव्हती. म्हणून ती सेवा तीन वर्षांनी बंद पडली याचे मला मनापासून वाईट वाटले आहे.

सेवा बंद झाल्यापासून बाजारात, एसटीत आणि वर्तमानपत्रांत दोनच मते ऐकू येतात. एक म्हणजे पुढाऱ्यांनी पाठपुरावा केला नाही, आणि दुसरे म्हणजे आपल्या जिल्ह्याला विमानतळाची गरजच नव्हती. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पाठपुराव्याने विमान सुरू होते, पण ते रोज भरण्याचे काम प्रवासीच करतात. आणि गरज नव्हती असे म्हणणाऱ्यांनी बंगळूर, हैदराबाद आणि पुण्याची विमाने फ्लाय ९१ ही गोव्यातली कंपनी याच धावपट्टीवरून आजही चालवते, हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिपीची धावपट्टी २५०० मीटर लांब आहे. विमानतळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या करारानुसार आयआरबी या खासगी कंपनीने बांधला आणि तीच तो चालवते. मुंबईची सेवा अलायन्स एअर ही कंपनी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली चालवत होती. या योजनेत विमानातल्या निम्म्या जागा ठरलेल्या कमाल भाड्याने विकायच्या असतात, त्यामुळे येणारी तूट सरकार तीन वर्षे भरून देते आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येऊ दिले जात नाही. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी कल्पना त्यामागे आहे.

माझा प्रश्न असा आहे की, आपला मार्ग त्या तीन वर्षांत पायावर का उभा राहिला नाही? उद्घाटनाच्या वेळी जाहीर झालेले वेळापत्रक मी जपून ठेवले आहे. विमान मुंबईहून ११.३५ ला निघून १ वाजता चिपीला पोहोचणार होते आणि १.२५ ला परत निघून २.५० ला मुंबईत उतरणार होते. भाडे अडीच हजारांच्या आसपास होते. भाड्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दुपारी एकला येऊन दीडला निघून जाणारे विमान नेमके कोणासाठी होते, याचे उत्तर मला तीन वर्षांत मिळाले नाही. सकाळी मुंबईला जाऊन काम आटोपून रात्री घरी परतणे त्यात शक्य नव्हते, आणि मुंबईहून येऊन कुडाळच्या कचेरीतले काम करून परत जाणेही शक्य नव्हते. प्रत्येक प्रवाशाला किमान एक मुक्काम करणे भागच होते. ज्याला मुक्काम करायचाच आहे त्याला रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस काय वाईट?

जाणकारांनी कृपया हिशेब मांडून लिहावे.

हिशोबनीस – ९ नोव्हेंबर २०२४, दुपारी १२.४५

रातांबा, विषय चांगला काढलात. मी हिशेबाच्या बाजूने लिहितो.

या मार्गावरच्या एटीआर जातीच्या विमानात ७० जागा असतात. रोज एक जाणे आणि एक येणे धरले तर दिवसाला १४० आणि वर्षाला ५१,१०० जागा होतात. विमानाचा खर्च निघण्यासाठी साधारण तीन चतुर्थांश जागा भरायला हव्यात असे आपण धरू. हा माझा अंदाज आहे, कोणत्याही कंपनीचा आकडा नव्हे. म्हणजे वर्षाला ३८ हजारांहून थोडे अधिक प्रवासी हवेत. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. याचा अर्थ, लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत जिल्ह्यातल्या दर बावीस माणसांमागे एकाने वर्षातून एकदा एका बाजूचे तिकीट काढले पाहिजे. बाहेरून येणारे प्रवासी यात मिळवले की हे अशक्य राहत नाही. मात्र ते आपोआप घडण्याइतके सोपेही नाही.

याच जनगणनेतली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, म्हणजे दहा वर्षांत ती घटली. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत माणसे वाढत असताना आपल्याकडे ती कमी झाली, कारण तरुण बाहेर गेले. तेव्हा चिपीचा प्रवासी चिपीत राहत नाही. तो डोंबिवलीत, विरारला, पुण्याला, बंगळूरला राहतो आणि सणाला घरी येतो. विमानाची मागणी मोजताना गावची वस्ती मोजून भागणार नाही.

आणि आपलाच मार्ग अपयशी ठरला असे समजून खंतावण्याचेही कारण नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये 'उडान'वर अहवाल दिला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी सुरूच झाले नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली, आणि त्यांतले ५४ मार्ग मार्च २०२३ मध्ये मुदतीनंतरही चालू होते. शंभर मार्ग मंजूर झाले तर सात टिकले, असे हे प्रमाण आहे. चिपी–मुंबईने निदान मुदत गाठली. माझ्या मते दोष एका विमानतळाचा नाही. तीन वर्षे मदत देऊन चौथ्या वर्षी एकदम हात काढून घ्यायचा, या रचनेतच तो आहे. भाड्याची मर्यादा आणि सरकारी मदत एकाच दिवशी संपतात. त्या दिवसापासून सगळा खर्च तिकिटातून काढायचा म्हटले तर भाडे वाढवावे लागते, आणि अडीच हजारांची सवय झालेला प्रवासी त्याच दिवशी आगगाडीकडे वळतो. हीच मदत दरवर्षी थोडी थोडी कमी करत नेली असती तर कंपनीलाही बाजार चाचपून पाहता आला असता.

चाकरमानी – ९ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.२०

मी डोंबिवलीचा, मूळ गाव कुडाळ तालुक्यात. हिशोबनीसांनी ज्या प्रवाशाबद्दल लिहिले आहे तो मीच आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो.

पूर्वी आमची माणसे लालबाग-परळला राहत. गिरण्या गेल्या आणि माणसे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारपर्यंत पांगली. मला डोंबिवलीहून मुंबई विमानतळावर पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. त्यापुढे दीड तास आधी हजर राहणे, जवळजवळ दीड तासाचे उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडणे आणि चिपीहून गाडी करून घर गाठणे. सगळे मिळून सहा तास होतात. जून २०२३ पासून धावणारी वंदे भारत ठाण्याहून कणकवलीला पाच-साडेपाच तासांत पोहोचवते, आणि ठाणे मला वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचा वेग आणि या गाडीच्या फेऱ्या कमी होतात हे खरे, पण त्या दिवसांत ढगांमुळे विमानाचीही खात्री नसते. म्हणजे माझ्यासारख्याचा विमानाने वेळ वाचत नाही. पार्ल्या-अंधेरीला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाचा मात्र नक्की वाचतो, आणि तो तीन वर्षांत सात-आठ वेळा विमानाने गेला.

तरीही मी दोनदा विमानाने गेलो, दोन्ही वेळा आईला घेऊन. तिचे गुडघे गेले आहेत. डब्याची पायरी चढणे आणि कुडाळला गाडी थांबते तेवढ्या अवधीत सामानासह उतरणे तिला जमत नाही. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळाली. चिपीला उतरल्यावर तिने विचारले, "इतक्यात इलाव?" त्या एका प्रश्नासाठी मी पुन्हा तिकीट काढीन. विमानाची गरज सगळ्यांना सारखी नसते. ज्याला असते त्याला ती फार असते.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गणपतीच्या आधीचे चार दिवस मुंबईहून येणारी प्रत्येक जागा भरते, मागाल ते भाडे लोक देतात. पण त्याच विमानाला परत जाताना प्रवासी कुठून मिळणार? त्या दिवसांत कोकणातून मुंबईला कोण जातो? विसर्जनानंतर हेच उलटे होते. गर्दीच्या दिवसांतही विमान एका बाजूने भरलेले आणि दुसऱ्या बाजूने रिकामे. रेल्वे जादा गाड्या सोडते आणि रिकामे डबे परत आणते, ते तिला परवडते. विमानाला कसे परवडावे?

वारादर्शक – १० नोव्हेंबर २०२४, सकाळी ८.०५

विमान वाहतुकीच्या कामात मी बरीच वर्षे काढली आहेत. रातांबांनी दुपारच्या वेळेबद्दल विचारले आहे, त्याचे कारण सांगतो.

मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासात तिथे उतरण्या-उडण्याच्या वेळा मोजक्याच असतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर केंद्र सरकारने ती संख्या आणखी कमी करायला लावली. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळा सोन्यासारख्या. त्यातली एक वेळ १८० जणांचे एअरबस वापरते किंवा ७० जणांचे एटीआर. वेळ तितकीच खर्च होते, आणि एटीआरचा वेग कमी असल्यामुळे मागच्या जेटला अंतर राखून थांबावे लागते. त्यामुळे लहान विमानाच्या वाट्याला दुपार येते. चिपीची वेळ कोणी जाणूनबुजून वाईट ठेवली नव्हती. मुंबईत तेवढीच मोकळी होती.

दुसरी गोष्ट विमानांच्या संख्येची. मोठ्या कंपनीचे एक विमान बिघडले तर दुसरे पाठवता येते. ज्या कंपनीकडे मोजकी विमाने आहेत, तिचे एक विमान सकाळी दुसऱ्या कुठल्या गावी अडकले की दुपारी तुमचे उड्डाण रद्द होते, कारण दिवसभरात तेच विमान पाच-सहा फेऱ्या करत फिरत असते. प्रवाशाला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त संदेश येतो. असे दोनदा झाले की तो माणूस तिसऱ्यांदा तिकीट काढत नाही, आणि शेजाऱ्यालाही काढू देत नाही. माझ्या अनुभवात छोट्या मार्गाला महाग तिकिटापेक्षा बेभरवशाचे विमान लवकर मारते.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. समुद्राजवळच्या उंच सड्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ढग फार खाली येतात. धावपट्टी डोळ्यांनी दिसल्याशिवाय उतरता येत नसेल, तर वैमानिकाने परत फिरणे हेच योग्य असते. उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय आणि रात्रीचे दिवे ही चैन समजू नये. या दोन गोष्टी असल्या की दिवसाचे वापरण्याजोगे तास वाढतात, आणि तास वाढले की वेळापत्रकाला जागा मिळते. नव्या इमारतीच्या फोटोपेक्षा या कामाचा पाठपुरावा जिल्ह्याने करावा.

पंचगंगाकाठ – १० नोव्हेंबर २०२४, सकाळी ११.३०

कोल्हापूरकर म्हणून लिहितो. आमचा विमानतळ १९३९ चा, संस्थानकाळातला. तरीही मधली कित्येक वर्षे तो ओस होता. २०१८ मध्ये 'उडान'मुळे तो पुन्हा जागा झाला, आणि त्या वेळी आमची धावपट्टी १३७० मीटर होती, म्हणजे तुमच्या चिपीच्या निम्म्याहून थोडीच अधिक. त्या तोकड्या धावपट्टीवरून हैदराबाद आणि बंगळूरची विमाने सुरू झाली आणि टिकली. धावपट्टी १९३० मीटरपर्यंत नंतर वाढली, नवी इमारत मार्च २०२४ मध्ये आली. तेव्हा लांब धावपट्टी हाताशी आहे म्हणून विमाने येतील, हा क्रम आमच्याकडे तरी उलटा होता.

आमच्याकडेही मुंबईचाच मार्ग सगळ्यांत नाजूक राहिला, हे तुम्हाला ऐकायला विचित्र वाटेल. ट्रूजेटने तो चालवला, थांबवला आणि २०२२ च्या आरंभी ती कंपनीच जमिनीवर आली. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने तो पुन्हा सुरू केला. बंगळूर-हैदराबाद मात्र चालत राहिले. कारण उघड आहे. मुंबईला जायला आमच्याकडे महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, रात्रभराच्या आरामगाड्या आहेत. हैदराबादला जायला सोयीचे काय आहे? जिथे पर्याय गैरसोयीचा आहे तिथे माणूस विमानाचे तिकीट काढतो. शिवाय बंगळूर-हैदराबादहून पुढे कुठेही जाता येते, त्यामुळे त्या विमानात फक्त त्या शहरांचे प्रवासी नसतात. इचलकरंजीचा कापडवाला, शिरोलीचा फौंड्रीवाला, परदेशी शिकणारा मुलगा, असे सगळे त्यात असतात.

एक मात्र मान्य करतो. आमच्यामागे उद्योग आहे. साखर, ओतकाम, कापड, दूध यांच्या कामासाठी माणसे वर्षभर हिंडतात. सणाची वाट पाहावी लागत नाही.

तिरफळ – १० नोव्हेंबर २०२४, सायंकाळी ४.१५

या सगळ्या चर्चेत अजून उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचा उल्लेख कसा नाही? मी सावंतवाडीची. आमच्यासाठी विमानतळ म्हणजे मोपाच. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने सुरू झाली आणि बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीचा प्रवासी एका रात्रीत तिकडे वळला. चिपीला पोहोचण्यापेक्षा मोप्याला आम्ही लवकर पोहोचतो. तिथून मुंबईला दिवसातून अनेक विमाने आहेत, एक चुकले तर दुसरे आहे, आणि मोठ्या विमानांतल्या चढाओढीमुळे कित्येकदा भाडेही कमी असते. चिपी सुरू झाले तेव्हा गोव्यातला जुना दाभोळी विमानतळ हा एकच शेजारी होता आणि तो लांब होता. सव्वा वर्षात परिस्थिती बदलली. 'उडान'च्या कराराने त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला मज्जाव केला, पण पासष्ट-सत्तर किलोमीटरवरच्या दुसऱ्या विमानतळाला कसा करणार?

सावंतवाडीने चिपीवर रुसून काही उपयोग नाही आणि चिपीने सावंतवाडीवरही. माझे म्हणणे एवढेच आहे की 'सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विमानतळ' असे म्हणताना जिल्ह्याचा दक्षिण भाग वजा करूनच हिशेब करावा. चिपीचा खरा मुलूख म्हणजे मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याचा काही भाग, आणि वर कणकवली-देवगड. हिशोबनीसांनी बावीस माणसांमागे एक प्रवासी सांगितला. आमचे दोन तालुके वगळले तर ते प्रमाण आणखी अवघड होते.

आणि आजारपणासाठी विमान हवे, असे जे नेहमी म्हटले जाते, त्याबद्दलही लिहिते. आमच्याकडचा गंभीर रुग्ण मुंबईला नंतर जातो, आधी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातो. तो रस्त्यानेच जातो. त्याची सोय विमानाने होत नाही, जिल्ह्यातच चांगले रुग्णालय असल्याने होईल. विमानाच्या बाजूने पुष्कळ खरी कारणे आहेत, त्यात हे मिसळू नये.

हिशोबनीस – १० नोव्हेंबर २०२४, सायंकाळी ६.००

तिरफळ, तुमची दुरुस्ती मान्य. मी अख्खा जिल्हा धरला, ती चूक होती.

गलबत – १० नोव्हेंबर २०२४, रात्री ९.४०

मालवणात माझी न्याहारी-निवास योजनेतली चार खोल्यांची जागा आहे. सगळे जण चाकरमान्याचा विचार करत आहेत, मी पाहुण्याचा करतो.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. इतकी वर्षे आमचा पाहुणा म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव इथला, स्वतःच्या गाडीने येणारा. यंदा मार्चपासून बंगळूर-हैदराबादची विमाने आली आणि मला पहिल्यांदा तेलुगू बोलणारी कुटुंबे दारात दिसली. तारकर्लीचा किनारा, पाण्याखालचे प्रवाळ आणि किल्ला पाहायला ते आले होते. त्यांच्यापैकी एकाने मला सांगितले की त्याने गोव्याचे तिकीट शोधताना सिंधुदुर्ग हे नाव पहिल्यांदा वाचले. ही माणसे आगगाडीने कधी आली नसती, कारण दोन दिवस प्रवासातच गेले असते. पंचगंगाकाठ यांनी जे सांगितले त्याचा हा आमच्याकडचा पुरावा आहे.

आता आमच्या बाजूच्या उणिवा सांगतो, कारण विमान कंपनीकडे बोट दाखवून आमचे काम होत नाही. पाहुणा विमानातून उतरतो तेव्हा त्याला पुढे न्यायला काय असते? विमानाच्या वेळेला जोडलेली एसटी असती तर कुडाळ आणि मालवण दोन्हीकडची माणसे स्वस्तात पोहोचली असती. भाड्याची गाडी करायची तर एकट्या माणसाला ती विमानाच्या तिकिटाच्या मानाने महाग पडते. दुसरे असे की जूनपासून ऑगस्टअखेर समुद्रातले खेळ बंद असतात आणि आम्ही पाटी फिरवून बसतो. विमान मात्र बारा महिने भरायला हवे. आमच्या पावसात पाहण्यासारखे काय आहे, हे आम्हीच कधी नीट सांगितले नाही. आंबोलीचे धबधबे सगळ्यांना माहीत आहेत. धामापूरचा तलाव, वालावलचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ, पावसात हिरवा होणारा सडा आणि त्यावरची रानफुले यांसाठी दक्षिणेतला माणूस येईल, पण त्याला बोलावणे गेले पाहिजे.

आंबा विमानाने पाठवण्याची चर्चा नेहमी होते. माझी स्वतःची कलमे आहेत. एटीआरच्या पोटात प्रवाशांचे सामान ठेवून जी जागा उरते, तिच्यात हंगामातला माल मावणार नाही, आणि वाशीच्या बाजारात ट्रकने रातोरात जाणाऱ्या पेटीला विमानाचे भाडे सोसणार नाही. बंगळूर-हैदराबादला थेट गिऱ्हाईकाच्या घरी जाणाऱ्या थोड्या निवडक पेट्यांना ते सोसेल. त्या कमाईने मार्ग उभा राहणार नाही, थोडा हातभार लागेल.

सोनचाफा – ११ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७.५०

मी राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका छोट्या गावची आहे, तिथेही असाच विमानतळ आहे. वारादर्शक यांनी भरवशाबद्दल जे लिहिले ते मी भोगले आहे. धाकट्या भावाच्या मुलाखतीसाठी आम्ही महिनाभर आधी तिकीट काढले होते. आदल्या रात्री नऊला उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला. तोपर्यंत रात्रीची गाडी सुटून गेली होती, आणि मुलाखत हुकली. पैसे पूर्ण परत मिळाले, नियमाप्रमाणे सगळे झाले. पण त्यानंतर आमच्या घरात कोणी विमानाचे तिकीट काढलेले नाही. मोठ्या शहरात उड्डाण रद्द झाले तर दोन तासांनी दुसरे असते, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी किंवा दोन दिवसांनी. म्हणून मला वाटते की छोट्या गावाला मदत देताना सरकारने जागांच्या संख्येऐवजी वेळेवर झालेल्या उड्डाणांवर पैसे द्यावेत.

वारादर्शक – ११ नोव्हेंबर २०२४, सकाळी १०.२०

सोनचाफा, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले. तुमची सूचना महत्त्वाची आहे, फक्त तिच्यात एक काळजी घ्यावी लागेल. खराब हवामानात रद्द केलेल्या उड्डाणाचा दंड कंपनीला बसता कामा नये, नाहीतर वैमानिकावर उतरण्याचा दबाव येईल. बिघाड, विमानाची टंचाई, कर्मचाऱ्यांची कमतरता यांमुळे रद्द झालेली उड्डाणे वेगळी मोजता येतात, आणि त्यांचीच मदत कापावी.

वेळापत्रकाबद्दल एक उपाय सांगतो. विमान रात्री चिपीलाच मुक्कामाला ठेवले, तर सकाळी चिपीहून निघून मुंबईला आठ-नऊच्या सुमारास पोहोचता येते आणि संध्याकाळी परतता येते. मात्र त्यासाठी दिवे, राखणदारी, विमानाची रात्रीची तपासणी करणारा अभियंता आणि कर्मचाऱ्यांची राहण्याची सोय गावातच लागते. तेवढा खर्च रोजच्या एका फेरीवर टाकता येत नाही. म्हणून तेच विमान दुपारी बंगळूर किंवा हैदराबाद करून आले पाहिजे. म्हणजे मार्ग सुटे सुटे न पाहता एका विमानाचा अख्खा दिवस पाहिला पाहिजे. उरतो मुंबईतल्या सकाळच्या वेळेचा प्रश्न, तो नवी मुंबईचा विमानतळ सुरू होईपर्यंत सुटेल असे मला वाटत नाही.

चाकरमानी – ११ नोव्हेंबर २०२४, दुपारी १.३५

नवी मुंबईबद्दल माझीही तीच आशा आहे. उलव्याचा विमानतळ डोंबिवली, कल्याण, ठाणे, पनवेल, बदलापूर या आमच्या वस्त्यांना अंधेरीपेक्षा सोयीचा पडेल. माझे सहा तास साडेचार-पाचवर आले, तर मी वंदे भारत सोडून विमानाचा विचार करीन. विरार-नालासोपाऱ्याच्या माणसांना मात्र त्याचा उपयोग नाही, ते आगगाडीतच राहतील.

आणि याच महिन्यापासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली आहे. चार महिने आधी गणपतीची तारीख धरून पहाटे रांग लावण्याची आमची पद्धत आता बदलेल. ज्यांना गाडीचे तिकीट मिळणार नाही, त्यांना आता दोनच महिने आधी ते कळेल. त्या वेळी विमानाच्या जागा रास्त भाड्याने मिळाल्या तर पुष्कळ कुटुंबे एक बाजू तरी विमानाने करतील.

रातांबा – ११ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.००

सर्वांचे मनापासून आभार. धागा सुरू करताना मी मुंबईच्या विमानाला चिपीचा प्राण समजत होतो. आता माझे मत बदलले आहे. जोपर्यंत मुंबईत सकाळची वेळ मिळत नाही, तोपर्यंत दुपारचे विमान पुन्हा मागून आणखी तीन वर्षे त्याच वाटेने जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा बंगळूर, हैदराबाद आणि पुणे या, आगगाडीने नीट न जोडलेल्या, मार्गांवरची उड्डाणे रोजची आणि वक्तशीर व्हावीत यासाठी जिल्ह्याने जोर लावावा. पुण्याला आपली किती मुले नोकरीला आणि शिकायला आहेत हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे, आणि घाटातून रात्रभर बस काढणे हाच त्यांचा आजचा पर्याय आहे. मुंबईची मागणी सोडायची नाही, पण ती सकाळ-संध्याकाळच्या वेळेची आणि नवी मुंबईहून असावी.

दोन कामे मी अंगावर घेतो. एसटीच्या कुडाळ आगारात जाऊन, विमानाच्या वेळेला जोडून कुडाळ आणि मालवणसाठी एकेक गाडी सोडता येईल का, असा लेखी अर्ज देतो. गलबत, मालवणच्या बाजूने तुम्ही आणि तुमच्या ओळखीच्या निवासचालकांनी त्यावर सह्या दिल्यात तर वजन येईल. दुसरे, चाकरमानी, डोंबिवली आणि ठाण्यातल्या आपल्या ग्रामस्थ मंडळांकडून एवढेच विचारून घ्या की नवी मुंबईहून सकाळी सातला विमान असेल आणि एका बाजूचे भाडे साडेतीन हजार असेल, तर गणपती आणि मे महिना वगळून वर्षातून किती वेळा तुम्ही ते घ्याल. सणासुदीचे उत्तर आपल्याला माहीत आहे, फेब्रुवारीतल्या मंगळवारचे उत्तर हवे आहे.

चाकरमानी – ११ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.५०

येत्या रविवारी आमच्या मंडळाची सभा आहे. शंभरेक कुटुंबे आहेत. कागद छापून नेतो, आणि आलेले आकडे जसे असतील तसे इथे लिहितो.